घड्याळ कोपऱ्याचं घड्याळ

रीतसरकाकांना तोंडावर कुणी रीतसरकाका म्हणत नसे. समोर असताना ते नुसते काका; पाठ वळली की रीतसर. जमीन मोजणीच्या कचेरीत उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते, आणि जगातली कुठलीही गोष्ट, मग ते लेकीचं लग्न असो की नळाचा वायसर बदलणं, रीतसर व्हावी असा त्यांचा आग्रह असे. इथपर्यंत ठीक होतं. पण दुसऱ्याची चूक दिसली की ती त्याला दाखवून दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. आणि ती ते चारचौघांत दाखवत, कारण मग साक्षीदार राहतात.

तर या काकांच्या घरी एक पार्सल आलं नाही, आणि तिथून सगळं सुरू झालं.

पार्सलात काकूंनी मागवलेली चाळणी होती. ती निघाली होती, शहरात पोचली होती, आणि शहरातून परत गेली होती. काकांनी चौकशी केली तेव्हा कळलं की पार्सलवाल्याने शेरा मारला आहे: पत्त्यावर घड्याळ आढळले नाही.

पार्सलवाल्याचं काही चुकलं नव्हतं. काकांची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते त्या जागेला सगळे घड्याळ कोपरा म्हणतात. तिथे घड्याळ नाही. तिथे ड्रायक्लीनरचं दुकान आहे. ड्रायक्लीनरच्या आधी तिथे सायकली भाड्याने मिळायच्या, आणि त्याच्याही आधी काकांच्या आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या बाहेर, दरवाजाच्या वर, पत्र्याच्या पडवीखाली एक भलंमोठं लोलकाचं घड्याळ टांगलेलं असे. आजोबा गेले, घड्याळ उतरलं, नाव तेवढं भिंतीला चिकटून राहिलं.

काकांच्या मनाला ते लागलं. चाळणीचं दुःख काकूंना होतं; काकांचं दुःख निराळं होतं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींचे कोपरे नकाशाशी ताडून पाहिले, त्याच्या स्वतःच्या पत्त्यात एक नसलेली वस्तू होती. आणि ती वस्तू त्याच्याच आजोबांची होती. काकांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की घड्याळ परत कोपऱ्यावर लागेल, त्या निमित्ताने सगळं घराणं एका रविवारी तिथे जमेल, माणशी एक चहा होईल, एक फोटो निघेल आणि विषय संपेल.

"घड्याळ आहे कुठे पण?" काकूंनी विचारलं.

हा प्रश्न काकूंनी विचारला नसता तर बरं झालं असतं, कारण त्याचं उत्तर सांगायला घराण्याला थोडी लाज वाटत असे. आजोबांना तीन मुलगे. आजोबा गेल्यावर दुकान भाड्याचं असल्यामुळे मालकाकडे गेलं. राहिलं ते घड्याळ. ते कुणी घ्यायचं यावर तिघांचं एकमत होईना, तेव्हा शेत वाटावं तसं त्यांनी ते वाटून घेतलं. थोरल्याने लाकडी पेटी घेतली, धाकट्याने काट्यांसकट तबकडी घेतली आणि मधल्याच्या, म्हणजे काकांच्या वडिलांच्या वाट्याला लोलक आला. आतलं यंत्र कुणाला मिळालं ते सांगता येत नव्हतं. ते दुसऱ्या दोन शाखांपैकी एकीने लाटलं, अशी प्रत्येक शाखेची पक्की खात्री होती.

लोलक शोधायला लांब जावं लागलं नाही. पितळेची ती जड चकती काकूंनी बैठकीच्या खिडकीच्या पडद्याला खाली शिवून टाकली होती. पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून. काका गेली कित्येक वर्षं रोज सकाळी आपल्या वाडवडिलांचा वारसा बाजूला सारून उजेड आत घेत होते.

तबकडी काकांच्या धाकट्या चुलत्यांच्या मुलीकडे होती. तिला घराण्यात बेबी म्हणतात. बेबीला आता नातवंडं आहेत, पण नाव बदलायचा ठराव कुणी मांडलेला नाही. तबकडीवर काच बसवून आणि खाली तीन पाय लावून बेबीने तिचं चहाचं टेबल केलं होतं. पाहुण्यांनी आपापल्या आकड्यावर कप ठेवायचा, म्हणजे कपांची अदलाबदल होत नाही. या सोयीची तिला इतकी सवय झाली होती की टेबल मोडायचं म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. शेवटी ती एका अटीवर तयार झाली: घड्याळावरचा पडदा ती बाजूला करणार, दुसरं कुणी नाही. काकांनी पडदा असणार आहे हे तेव्हाच प्रथम ऐकलं. पण ते हो म्हणाले.

खरी अडचण पेटीची होती. पेटी थोरल्या चुलत्यांच्या मुलाकडे, म्हणजे दादांकडे होती, आणि दादा काकांशी बोलत नव्हते.

त्यात दोष कुणाचा, यावर दोन मतं असू शकत नाहीत असं काका म्हणत, आणि गंमत म्हणजे दादाही तेच म्हणत. दादांनी नवं घर बांधलं तेव्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर सगळे अंगणात गप्पा मारत उभे असताना काका सहज पावलं टाकत फाटकापर्यंत गेले, परत आले, आणि म्हणाले की फाटक रस्त्याच्या हद्दीत आलं आहे. ते म्हणाले तेव्हा दादांचे साहेब शेजारीच उभे होते. दादांचे शेजारीही होते. महिन्याभरात दादांना फाटक मागे घ्यावं लागलं, आणि फाटकाबरोबर दादाही मागे गेले. तेव्हापासून दोन्ही घरांचा संबंध फक्त दुःखद बातम्यांपुरता उरला होता.

काका दादांकडे गेले ते मोठ्या तयारीने. काहीही झालं तरी एकही चूक दाखवायची नाही, असं काकूंनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. दादांनी दार उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि आत घेतलं. पेटी दारामागेच होती. तिच्यात बुटांचे ब्रश, पॉलिश आणि एक मोडकी छत्री होती. काकांनी गिळलं. पेटीवरची धूळ दिसली, तीही गिळली. त्यांनी आपला बेत सांगितला. दादा हळूहळू विरघळायला लागले. आजोबांचा विषय निघाला की ते विरघळतातच.

"जहाजातून आलं होतं ते घड्याळ," दादा म्हणाले. "आजोबांनी खास मागवलं होतं. स्वतः बंदरावर जाऊन उतरवून घेतलं."

काकांनी पाणी प्यायलं. छताकडे बघितलं. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं. एवढा संयम त्यांनी साहेबापुढेही कधी पाळला नव्हता.

"समुद्र खवळलेला होता म्हणे त्या दिवशी," दादा म्हणाले.

"दादा," काका म्हणाले, "आजोबांनी जन्मात समुद्र बघितला नव्हता."

पुढच्याच मिनिटाला काका रस्त्यावर होते, आणि त्यांच्यामागे दार लागल्याचा आवाज बराच वेळ कानात घुमत होता.

दुसऱ्या दिवशी काकू गेल्या. जाताना त्यांनी पिशवीसुद्धा नेली नाही. पाऊण तासात त्या रिक्षातून उतरल्या, रिक्षावाल्याने पेटी उतरवली, आणि पेटीच्या मागून दादा उतरले. पेटी आमच्या घराची आहे, ती जिथे जाईल तिथे मी जाणार, एवढंच ते काकांना म्हणाले, तेही काकूंकडे बघून. नंतर काकांनी विचारलं की असं काय सांगितलंस. काकू म्हणाल्या, "काही नाही. जहाज फार मोठं असेल ना, एवढंच विचारलं."

आता यंत्र. दादांना वाटत होतं ते बेबीकडे आहे, बेबीला वाटत होतं ते काकांकडे आहे, आणि काकांना दोघांचाही संशय होता. शेवटी निमंत्रण द्यायला म्हणून काका आत्याकडे गेले. आत्या म्हणजे त्या तिघा भावांची एकुलती एक बहीण. भाऊ एकामागून एक गेले, ती राहिली. वय किती हे विचारलेलं तिला आवडत नाही. ऐकायला कमी येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं. काकांनी सगळी हकिगत सांगितली आणि यंत्राशिवाय नुसतीच पेटी टांगावी लागणार म्हणून हळहळ व्यक्त केली.

"यंत्र माझ्याकडे आहे," आत्या म्हणाली.

काका खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"तुझा बाप आणि काका बाहेर बसून वाटणी करत होते, आणि मी आत त्यांचा चहा करत होते. तुला काय हवं, असं तिघांतल्या एकानेही विचारलं नाही. मग मीही विचारलं नाही. शालीखाली घेतलं आणि निघाले. मेलं चालताना टिकटिक करत होतं, म्हणून बसमध्ये सगळी वाट खोकत गेले. शेजारच्या बाईने मला खडीसाखर दिली."

शिवणयंत्राच्या खालच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं यंत्र बाहेर आलं. तेलपाणी केलेलं, लख्ख. आत्या म्हणाली की ते नेता येईल, पण लावताना ती समोर पाहिजे. एकूण त्या घड्याळाचा प्रत्येक तुकडा आपला माणूस बरोबर घेऊनच येत होता.

इकडे ही बातमी गल्लीत पसरली. वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक खाली आले आणि म्हणाले की हा काही एका घराण्याचा प्रश्न नाही, हा परिसराचा इतिहास आहे आणि त्यावर भाषण होणं आवश्यक आहे. भाषण त्यांच्याकडे तयारच होतं. फक्त विषय घालायचा राहिला होता. समोरच्या बाईंनी सुचवलं की घड्याळाबरोबर प्रत्येक घराने आपली एखादी जुनी वस्तू आणून मांडावी. ड्रायक्लीनर म्हणाला, माझी इस्त्रीची टेबलं रविवारी रिकामीच असतात. काकांनी सांगून पाहिलं की एक चहा आणि एक फोटो एवढाच कार्यक्रम आहे. सगळ्यांनी मान डोलावली आणि आपापल्या माळ्यावर चढले.

परवानगीची मात्र काकांना काळजी नव्हती. कचेरी म्हणजे त्यांचं माहेर. पण माहेरीसुद्धा खिडकीच्या आतून आणि खिडकीच्या बाहेरून फरक पडतो, हे त्यांना नगरपालिकेत गेल्यावर समजलं. विद्युत विभागाने विचारलं, त्यात दिवा आहे का. नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. रस्ते विभागाने विचारलं, जमिनीला टेकतं का. टेकत नाही म्हटल्यावर ते हवेत आहे, आमच्यात नाही, असं सांगितलं. जाहिरात विभागातल्या बाईंनी तबकडीवर काय लिहिलंय ते विचारलं. आकडे, काका म्हणाले. पण जाहिरात कशाची? वेळेची, काका चिडून म्हणाले, आणि बाईंनी ते उतरवून घेतलं.

फिरत फिरत काका शेवटी अतिक्रमण विभागात पोचले. तिथले साहेब अंगाने बारीक आणि बोलायला मृदू होते. दर दोन वाक्यांनंतर ते म्हणत, मी तुमच्याच बाजूचा आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"घड्याळ चालू असणार की बंद?"

काकांना प्रश्न कळला नाही. साहेबांनी समजावून सांगितलं. चालू असेल तर ते सार्वजनिक वेळदर्शक यंत्र होतं. त्याला तपासनीस लागतो. तपासनिसाचं पद आहे, पण माणूस नाही. भरती व्हायची आहे. बंद असेल तर ती शोभेची वस्तू. शोभेच्या वस्तूला परवानगी द्यायचा अधिकार त्यांना आहे, आणि ते काकांच्याच बाजूचे आहेत.

काका बाकावर जाऊन बसले. आजोबांचं घड्याळ, आणि ते बंद ठेवायचं, हे त्यांच्या जिवाला पटेना. पण नियम म्हणजे नियम. तो आपल्याला आवडला नाही तर तो आणखीच नियम वाटतो. त्यांनी अर्ज दुरुस्त केला. परवानगी मिळाली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं: सदर घड्याळ कायम बंद स्थितीत ठेवण्याच्या अटीवर.

घरी दादांना हे सांगितल्यावर दादा काकूंकडे बघून म्हणाले की परवानगी आणावी तर याने.

चौकातल्या घड्याळवाल्याला मात्र ही अट फार आवडली. त्याचा मुख्य धंदा मोबाईलची कव्हरं विकण्याचा होता. घड्याळाचा सेल बदलला की त्याची विद्या संपत होती. लोलकाचं यंत्र त्याने पहिल्यांदाच बघितलं. पण चालू करायचं नाही म्हटल्यावर त्याचा आत्मविश्वास परत आला. पेटीत यंत्र, यंत्रावर तबकडी, खाली लोलक, असं सगळं त्याने जुळवून दिलं आणि छातीवर हात ठेवून हमी दिली की हे काही केल्या चालणार नाही. ड्रायक्लीनरच्या पडवीखाली, जुन्याच खिळ्याच्या जागी, घड्याळ चढलं.

रविवारी सकाळी कोपऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. घराणं आलं होतंच, पण घराण्यातली लग्न होऊन गेलेली, त्यांच्याकडची, आणि त्यांच्याकडच्यांच्या शेजारची माणसंही आली होती. चहा तीनदा संपला. इस्त्रीच्या टेबलांवर गल्लीचा इतिहास मांडला होता. गल्लीतला पहिला टेलिफोन होता, ज्यावर सगळ्यांनी फुकट बोलून घेतलं होतं आणि ज्याच्या मालकिणीने आज ते सगळ्यांना ऐकवलं. कुणाच्या तरी आईचा चष्मा होता. एक कुलूप होतं, किल्ली नसलेलं, आणि एक किल्ली होती, कुलूप नसलेली. त्या दोघांची घरं समोरासमोर असूनही हे आजच उघडकीला आलं. समोरच्या बाईंनी वडिलांचा जुना लोकरी कोट ठेवला होता. त्याच्या खिशाला अजून तंबाखूचा वास येतो, असं त्या सगळ्यांना हुंगायला लावून सांगत होत्या. कुठल्याशा गडबडीत ड्रायक्लीनरच्या कामगाराला वाटलं, टेबलावर आहे म्हणजे आलेला कपडा आहे. त्याने कोट आत नेला. तो परत आला तेव्हा वाफेवर धुतलेला, कडक इस्त्रीचा आणि कॉलरला चिठ्ठी लावलेला होता. बाईंनी खिसा हुंगला आणि मट्कन खाली बसल्या.

त्यांची समजूत घालेपर्यंत मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की पूर्वी सगळा गाव या घड्याळावर आपली घड्याळं लावत असे. या घड्याळाने पिढ्यांना वक्तशीरपणा शिकवला. ज्या थोर पुरुषाने ते चालवलं त्याच्या आयुष्यात एका मिनिटाचीही चूक झाली नाही. काकांची छाती फुगत चालली होती. त्यांना प्रथमच कळत होतं की आपला स्वभाव कुठून आला. पहिल्या रांगेत बसलेली आत्या मात्र हनुवटी काठीवर टेकून गालातल्या गालात हसत होती.

मग बेबीने पडदा ओढला. पडदा म्हणजे एक फुलाफुलांची चादर होती. ती सरकता सरकता गर्दीतल्या एका बाईंनी ओळखली. दोन आठवडे झाले, चादर धुऊन मिळत नाही म्हणून त्या खेपा घालत होत्या. त्या पुढे आल्या, त्यांनी चादर घडी करून काखोटीला मारली आणि निघून गेल्या. त्यामुळे अनावरण एकदम संपूर्ण झालं.

घड्याळ खरंच देखणं दिसत होतं. सगळे टाळ्या वाजवून थकले आणि बघत राहिले. आणि मग, घड्याळाकडे बघितल्यावर माणूस जे करतो ते सगळ्यांनी केलं. आपापल्या मनगटाकडे पाहिलं.

"बंद आहे," दादा म्हणाले.

काका अट समजावून सांगायला उठणार, तेवढ्यात आत्या उठली. कुणी हात देईपर्यंत ती घड्याळाखाली पोचली होती. तिने काठी उलटी धरली आणि तिच्या मुठीने पेटीला खालून, डाव्या कोपऱ्यात, एक ठोसा दिला. लोलक हलला. आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला, आणि घड्याळ टोले द्यायला लागलं. ते देतच राहिलं. मोजणाऱ्यांनी मोजायचं सोडून दिलं. लहान मुलं नाचायला लागली, बेबी रडायला लागली, दादांनी टोपी काढली, आणि मुख्याध्यापकांनी पुन्हा भाषण सुरू केलं, पण ते कुणाला ऐकू आलं नाही.

खिशातल्या परवानगीवर काकांनी हात दाबून धरला होता.

"आत्या," टोले थांबल्यावर ते म्हणाले, "हे चालू झालं. आणि चूकसुद्धा दाखवतंय. सव्वा तास मागे आहे."

"मग? ते नेहमीच चुकीचं होतं," आत्या म्हणाली.

सगळा कोपरा आत्याकडे वळला. आत्याला हवा होता तसाच.

"बाबा रोज सकाळी शिडी लावून ते चुकवून ठेवायचे. कधी पुढे, कधी मागे. रस्त्याने जाणारा माणूस बघायचा, थांबायचा, आणि दुकानात येऊन सांगायचा, अहो, घड्याळजी असून तुमचंच घड्याळ चुकलंय. चूक दाखवायला मिळाली की माणसाला किती बरं वाटतं. बाबा म्हणायचे, असं का? बसा ना. तुमचं बघू. मग त्याचं घड्याळ उघडायचं. त्यात काहीतरी निघायचंच. काही नाही निघालं तर गप्पा निघायच्या. बरोबर घड्याळ बघून कोण थांबतं रे? बघतो आणि पुढे जातो."

सगळे हसले. दादा तर इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. काकांना हसू येत नव्हतं. बरोबर असण्यात आपण आजोबांवर गेलो आहोत, असं जेमतेम तासाभरापूर्वी त्यांच्या मनात आलं होतं, आणि ते तासाभरातच काढून घेण्यात आलं होतं. संध्याकाळी माणसं पांगल्यावर त्यांनी शिडी मागवली, वर चढले, आणि लोलक थांबवायला हात पुढे केला. खाली दादा उभे होते. त्यांनी फक्त शिडी धरली होती. बऱ्याच वर्षांनी दादांनी त्यांच्यासाठी काहीतरी धरलं होतं. काका थोडा वेळ वर थांबले आणि लोलकाला हात न लावता उतरले. उद्या बघू, असं म्हणाले. काकांच्या तोंडून उद्या बघू हे शब्द गल्लीने कधी ऐकले नव्हते.

उद्या काही बघावं लागलं नाही, लोकच बघायला लागले. येणारा जाणारा थांबे आणि ड्रायक्लीनरला सांगे की घड्याळ चुकलंय. ड्रायक्लीनर दोन दिवस कंटाळला, तिसऱ्या दिवशी शहाणा झाला आणि म्हणाला, असं का, बसा ना, शर्टावर डाग पडलाय तो बघू. काकांनी बाहेर एक बाक ठेवला. दादा किल्ली द्यायच्या निमित्ताने दर रविवारी यायला लागले; पेटी त्यांची होती ना. आले की जहाजाची गोष्ट निघे. दर वेळी समुद्र जास्त खवळत असे. काका बाकाच्या कडेला बसून ती ऐकत आणि आपल्या चपलांकडे बघत.

पण एका गृहस्थाने त्या घड्याळावर विश्वास ठेवला, त्यांची बस चुकली, आणि त्यांनी तक्रार केली. अतिक्रमणवाले साहेब स्वतः आले. नेमके रविवारी आले. दादा बाकावर होते, आत्याला बेबीने रिक्षातून आणलं होतं, काकू चहा घेऊन बाहेर येत होत्या. साहेबांनी वर पाहिलं. लोलक डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जात होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

"काका, मी तुमच्याच बाजूचा आहे," साहेब हळहळून म्हणाले. "पण हे चालू आहे. अट मोडली. उतरवावं लागेल."

दादा उठले. त्यांनी आवाज चढवला. आजोबांनी हे घड्याळ जहाजातून आणलं आहे, असं त्यांनी साहेबांना सुनावलं. साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका हे कचेरीतलं माणूस, खरं काय ते सांगतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. दादांनीही काकांकडे पाहिलं, आणि बोलता बोलता थांबले.

काका म्हणाले, "जहाजातूनच आणलं. समुद्र खवळलेला होता."

दादा हळूच खाली बसले.

"आणि साहेब," काका पुढे म्हणाले, आता त्यांच्या आवाजात कचेरी आली होती, "तुमची बंद ठेवायची अट आहे ती हे सार्वजनिक वेळदर्शक यंत्र होऊ नये म्हणून. वेळदर्शक म्हणजे वेळ दाखवणारं. तुमच्या हातातल्या घड्याळात बघा. मग वर बघा. हे वेळ दाखवतं का?"

साहेबांनी हातात बघितलं. वर बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "मागे आहे. बरंच मागे आहे."

"मग ते वेळदर्शक नाही. लोलक हलतो म्हणाल, तर पंख्याखाली पडदाही हलतो. त्याला कुणी यंत्र म्हणत नाही."

साहेब विचारात पडले. विचार करण्यासाठी त्यांना बाकावर जागा करून दिली गेली. काकूंनी चहा दिला. आत्याने त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघायला मागितलं, कानाला लावलं आणि त्यात काहीतरी बिघाड असल्याचं सांगितलं. दादांनी त्यांना जहाज पहिल्यापासून ऐकवलं. उठताना साहेबांनी आपला अहवाल तिथेच लिहून दाखवला: प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर घड्याळ वेळ दाखवत असल्याचे आढळून आले नाही, सबब अटीचा भंग नाही. भविष्यात ते वेळ दाखवताना आढळल्यास कारवाई होईल.

पावसाळा गेला, थंडी आली. घड्याळ आपल्या मनाने रोज थोडं थोडं मागे पडत होतं आणि त्याची कुणालाच काळजी नव्हती. मग एका सकाळी काका दाढी करत असताना फोन वाजला. दादा होते. ते बाजारात जाता जाता कोपऱ्यावरून गेले होते आणि त्यांना धाप लागली होती.

"लवकर ये," दादा म्हणाले. "शिडी घेऊन ये. मागे पडत पडत ते एक पूर्ण फेरी मारून आलंय. बरोबर वेळ दाखवतंय. मी तीन जणांना विचारून खात्री केली."

काका अर्ध्या दाढीने शिडी खांद्यावर घेऊन धावले. काकू मागून टॉवेल घेऊन धावल्या. कोपऱ्यावर दादा घड्याळासमोर दोन्ही हात पसरून उभे होते, लोकांना दिसू नये म्हणून. आतापर्यंत कुणी थांबलं नाही, असं त्यांनी सांगितलं. सगळे बघतात आणि पुढे जातात. काका वर चढले. दादांनी खालून शिडी धरली. काकांनी मोठा काटा बोटात पकडला.

"किती चुकवू?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं पुढे," दादा म्हणाले.

"वीस फार होतात."

"आजोबा वीसच ठेवायचे."

"तुला काय ठाऊक? तू तेव्हा रांगत होतास."

रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबली. त्यातल्या एकाने मान वर करून सांगितलं की घड्याळ आत्ता बरोबर आहे, उगाच हात लावू नका. दुसऱ्याने आपल्या हातातलं बघितलं आणि म्हणाला, बरोबर कुठलं, दोन मिनिटं मागे आहे. दादांनी एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने त्यांना बाक दाखवला.